सहाणेवरची राहुटी

९ फेब्रुवारी १९३३, गुरुवार

आज पुन्हा ट्रंक आवरली. आवरायला आहे काय तिच्यात, लुगडी आणि ही वही. पण बूड टेकत नाही. हे उजाडायच्या आत रानाच्या हद्दीच्या मोजणीला गेले. दाऊद, मोजणीखात्याचा राहुटी ठोकणारा खलाशी, तिच्याभोवती फिरून तणाव सैल करत होता. दवाने दोर आखडतात, सोडले नाहीत तर मेखा उपटून निघतात म्हणे. माझंही तसंच काहीतरी झालंय. सैल करायला कोणी नाही.

जागा मात्र छान. ह्यांना सापडली म्हणून ह्यांची छाती अजून फुगलेली. अलोरे गावाच्या वर, रानात, जांभ्या चिऱ्यांचा बांधलेला सपाट चौथरा. पाणी थांबत नाही, समोर सगळी दरी, पाठीशी सह्याद्री. "आपल्यासाठीच कोणीतरी बांधून ठेवलाय," असं आल्या गेल्या सगळ्यांना सांगतात. इथे आलं गेलं म्हणजे मी, दाऊद आणि गवे.

वाडीतली माणसं फार नम्र. दूध घालायला भागी येते ती आधी चौथऱ्याच्या कडेला वाकते, हात लावते, कपाळाला लावते, मग तांब्या पुढे करते. लाकडं आणणारा म्हाताराही तसंच. लग्न होऊन पावसला सासरी गेल्यापासून वाकतेय ती मी. इथे कोणी माझ्यापुढे वाकतंय. नको नको म्हणते खरी, पण बरं वाटतं. खोटं कशाला लिहू.

१२ फेब्रु., रविवार

पाळी आली नाही. मागच्या खेपेलाही नव्हती. तेव्हा म्हटलं हवापाणी बदललं, डोंगर चढउतार, असेल काहीतरी. आता तसं म्हणता येत नाही.

ह्यांच्या लक्षात येण्यासारखं नाही. पावसला असते तर मी बाहेर बसले नाही हे शेजारच्या आळीतसुद्धा कळलं असतं. इथे पहिल्याच आठवड्यात ठरलं, बाहेर बसायचं नाही. बाहेर म्हणजे बिबट्याच्या शेजारी. हेच हसून म्हणाले होते, राहू दे ते शिवणंबिवणं. तेव्हापासून हिशेब माझा मलाच.

सांगू का? नाही. आज नाही.

१६ फेब्रु.

दिवसभर भटकले. पऱ्याच्या, म्हणजे इथल्या ओढ्याच्या, कडेने वर, पांगारा फुललाय तिथपर्यंत. पायाला भिंगरी लागल्यासारखी. दाऊद मागून ओरडत आला, बायसाहेब, साहेब मला विचारतील. त्याला बिचाऱ्याला काय सांगणार, की थांबले की तीच खोली आठवते.

माजघराच्या मागची. खिडकी नाही. गेल्या आषाढात सातव्या महिन्यात तिथेच सगळं संपलं. मुलगी होती असं सुईण म्हणाली. मला दाखवली नाही. विचारलं तर सासूबाई म्हणाल्या, बघून काय करायचंय, जीव अडकतो. त्या वाईट नाहीत. माझे पाय चेपत बसल्या होत्या रात्रभर. पण नंतर मला अन्न जाईना, आणि डॉक्टर हवापालट म्हणाले, म्हणून ह्यांनी मला तंबूत आणलं. सासूबाईंची अट एकच, शिमग्याला परत आणायची.

आता ह्यांना कळलं तर शिमग्याचीही वाट बघणार नाहीत. दुसऱ्या दिवशी बैलगाडी. आणि पुन्हा तीच खोली, कारण आमच्या घरी बाळंतिणीची खोली तीच. मी त्या खोलीत जाणार नाही. इथे लिहून ठेवते. लिहिलं की तेवढ्यापुरतं खरं वाटतं.

२१ फेब्रु., मंगळवार

ह्यांनी भाऊजींना कळवलंसुद्धा. म्हणजे धाकट्या दिरांना. ते शिमग्याच्या सुमारास बोटीने दाभोळला, तिथून खाडीने गोवळकोटला आणि पुढे गाडी करून मला न्यायला येणार. मला न विचारता. मी म्हटलं, मोजणी मेअखेरपर्यंत आहे, मीही तोवर राहते. हे म्हणाले, "इथे जंगलात तुझं काय अडलंय?"

काय सांगणार. इथे झोप लागते. कापडाच्या भिंतीतून सकाळी उजेड येतो. मला राग आला आणि भात लागला. करपलेलाच वाढला.

२५ फेब्रु., शनिवार

आज मोठी फजिती.

भागी आली, वाकली. मी आज ठरवलंच होतं. तिला बसवलं आणि मोठ्या समजूतदारपणे सांगितलं, की तू माझ्याहून वडील, माझ्या पाया पडत जाऊ नकोस, मला संकोच होतो. ती माझ्याकडे बघतच राहिली. मग पदर तोंडाला लावला. हसतेय की रडतेय कळेना.

"बाय, ही सहान हाय," म्हणाली. "शिमग्यात आई वाघजाईची पालखी हितं बसते. आमी आईच्या पाया पडताव, तुमच्या नाय."

सहाण. मी पावसची सून, दर शिमग्याला आमच्या गावची पालखी सहाणेवर बसलेली बघते. तिथली देवळापुढे, पताका लावलेली, चुना मारलेली. ही रानात, पाचोळ्याखाली. दोन्ही कोकणातच, पण आम्हा दोघांच्या डोक्यात आलं नाही. देवीच्या आसनावर आम्ही खाट टाकून झोपतोय, कोपऱ्यात स्टोव्ह, आणि मी म्हणतेय माझ्या पाया पडू नका. हे लिहितानासुद्धा कान तापलेत.

मग सांगितलं का नाही कोणी? तर सरकारी माणूस, त्याला कसं बोलायचं. आणि दुसरं म्हणजे आम्ही आलो त्याच दिवशी गुरवाने देवीला कौल लावला होता. तिच्या अंगावर फुलाच्या कळ्या चिकटवून विचारायचं, साहेबाला उठवायचं का. डावी पडली. पुन्हा विचारलं. पुन्हा डावी. म्हणजे नको.

"आई बोलली, ऱ्हाऊ दे पोरीला," भागी म्हणाली. साहेबाचं काही नाही. पोरीला.

मी चौथऱ्याच्या कडेला बसून राहिले. कळ्यांना देठ असतो, पाणी सुकतं, एखादी पडायचीच. कळतं मला. पण मला कोणी तरी राहा म्हटलंय, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा.

२७ फेब्रु., सोमवार

ह्यांना सांगितलं. आधी हसले, मग मेखांकडे लक्ष गेलं. चिऱ्यांच्या सांध्यांत ठोकलेल्या. संध्याकाळी स्वतः गुरवाकडे गेले नारळ घेऊन. गुरव म्हणाला, अजाणता झालं, आईने मानून घेतलंय, शिमग्याआधी जागा मोकळी करा म्हणजे झालं.

आज राहुटी खाली पऱ्याजवळ हलवली. दाऊदने मेखा काढल्या आणि भोकं तांबड्या मातीने बुजवली, हाताने दाबून दाबून. कोणी सांगितलं नव्हतं. त्याच्या गावात पालखी त्याच्या दारावरून जाते, त्याची आई पालखी वाहणाऱ्यांच्या पायांवर पाणी घालते म्हणे.

खालची जागा भिकार. ओल, डास. वरच्या चौथऱ्याकडे बघत बसते. घर सुटल्यासारखं वाटतं. पावस सोडताना नव्हतं वाटलं.

४ मार्च

वाडीत ढोल सुरू झाले. भाऊजींचं येणं जवळ आलं.

सकाळी भागीने सुकट आणली प्रेमाने. वास आला मात्र, पळत पऱ्यापर्यंत गेले आणि सगळं बाहेर. तोंड धुऊन आले तर तिने सुकट पदरात बांधली आणि गेली.

५ मार्च

भागीने बाळकैऱ्या आणल्या, मीठ लावून. समोर बसून मला खाताना बघत होती.

"कितवा?" एवढंच विचारलं.

मी सांगून टाकलं. तिसरा असावा. मग बाकीचंही. खोलीचं, न दाखवलेल्या मुलीचं. तिला काय कळलं नि काय नाही कोण जाणे, मी बोलतच सुटले. खूप रडले. भागीची दोन पोरं गेलेली. तिने पदराने डोळे पुसले आणि विचारलं, घोवाला सांगितलंस का. नाही म्हटलं. का? म्हटलं, सांगितलं की पाठवतील. ती म्हणाली, नाय सांगितलास तरी पाठवतीलच ना.

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. म्हणजे आलं होतं, पण मी त्याच्याकडे बघत नव्हते.

८ मार्च, बुधवार

आज सांगणार होते. हे उन्हातून आले, डोकं दुखत होतं. मग जेवणं. मग नकाशा घेऊन बसले. मग मी कंदिलाची काच पुसत बसले, पुसलेलीच.

भाऊजी मंगळवारी पोचणार.

१२ मार्च, रविवार

राहुटीत येऊन आधी हे लिहितेय.

दुपार कलल्यावर पालखी आली. रान सगळं माणसांनी भरलेलं. आमच्या चौथऱ्याला, मी अजून आमचाच म्हणते, शेणाने सारवून रांगोळी. माझी खाट होती तिथे देवी बसली. हे खुशीत होते, अगदी गावच्यासारखे. लहानपणापासूनची सवय, गुरवाने गाऱ्हाणं घातलं की सगळ्यांबरोबर ह्यांचाही आवाज खणखणीत, व्हय म्हाराजा.

मी ओटी भरली. गुरवाने विचारलं, बाय, काय सांगणं हाय? हे शेजारी उभे. मला शब्द फुटेना. गाऱ्हाणं मोठ्याने घालतात, मनातल्या मनात चालत नाही.  तेवढ्यात भागी मागून आली आणि गुरवाच्या कानाशी वाकली. मी तिचा हात धरायला गेले, उशीर झाला.

गुरवाने डोळे मिटले.

"आई वाघजाय, ही परगावची लेक तुज्या सानंवर राहिली, तिला तू आपली म्हनलीस."

व्हय म्हाराजा.

"आता तिच्या वटीत जा टाकलास, ता राखनारी तूच."

व्हय म्हाराजा. ह्यांचा आवाज सगळ्यात मोठा.

"तिचा जीव जंय रमतो, थंयच तिला सुखानं सुटू दे."

व्हय म्हाराजा. ह्यांचाही. सुटणं म्हणजे बाळंत होणं, हे मग लक्षात आलं आणि ह्यांचं तोंड उघडंच राहिलं. माझ्याकडे वळून बघितलं. ढोल सुरू झाले, बरं झालं.

१३ मार्च

सकाळी हे चहा न घेताच निघून गेले. आज मोजणीला कोण येणार, सगळी वाडी नाचतेय. एकटेच कुठेतरी डोंगरात फिरून उन्हं उतरल्यावर आले. मला भागीचा राग आला होता तो ओसरला. तिने केलं नसतं तर मी केलंच नसतं.

जेवताना म्हणाले, मला गुरवाकडून कळायचं का. दुखावले होते, आणि का नाही दुखावणार. मी सांगितलं, त्या खोलीची भीती वाटते. एवढं एक वाक्य, किती दिवस गिळत होते.

बराच वेळ भात कालवत बसले. मग म्हणाले, "तू खोलीत होतीस. मी दाराबाहेर होतो. मी तिला बघितलं. मीच नेलं."

मला माहीत नव्हतं. आम्ही कधी बोललोच नाही. कशी होती विचारलं. म्हणाले, केस होते खूप.

मग दोघांनाही जेवण गेलं नाही. मागाहून, हात धुताना, इथे सुईण कोण, म्हणाले. म्हटलं भागी करते वाडीतली सगळी. आणि पाऊस लागल्यावर राहुटीत कसं, ह्यांनी विचारलं. मी ताटं घासायला घेतली. 

१४ मार्च, मंगळवार

भाऊजी आले. धुळीने लाल झालेले, सासूबाईंनी दिलेला खाऊ घेऊन. आईने खोली झाडून घेतलीय, म्हणाले. त्यांना कुठली खोली, काही ठाऊक नाही, पोर आहे. मी चहा ठेवला.

चहा पिऊन म्हणाले, वहिनी, सामान बांधलंत का, गाडीवाला थांबलाय. मी ह्यांच्याकडे बघितलं. हे उठले आणि राहुटीच्या मागे गेले. दाऊदचं काम, पण दाऊदच्या हातातून हातोडा घेतला आणि सुटलेली मेख ठोकायला लागले.

भाऊजी मागे गेले. दादा, काय ठरलंय? तर तिकडून आवाज आला, "देवीपुढे होय म्हणून बसलोय."

कशाला होय? भाऊजींनी दोनदा विचारलं. गाडीवाल्याने बैल सोडून चारा टाकलाय, म्हणजे आज तरी नाही. खालची जमीन ओली आहे, मेख धरत नाही. हे अजून ठोकताहेत.