भिंगाखालचा मुळा

३ ऑक्टोबर

ती. दादास,
चिमीचा शि. सा. न. वि. वि.

पत्रास कारण आपले बाबा. जिन्यावरून पडल्यावर मी त्यांना इकडे आणलं त्याला चार महिने झाले. कंबर आता बरी आहे. जीभ तर कधी आजारी नव्हतीच. पण माणूस अजून पाहुण्यासारखा राहतो. बॅग पलंगाखाली भरलेलीच असते. रुमाल हवा असला तरी ती ओढून काढायची, रुमाल घ्यायचा आणि पुन्हा बंद करून ठेवायची. जावयाच्या घरी आयतं बसून खाणं त्यांना पचत नाही म्हणे.

म्हणून त्यांनी जाहीर केलं, की जावयाच्या ताटात आपण आपल्या हातचं काहीतरी पिकवून वाढणार, आणि त्यासाठी लॉनचा तुकडा हवा. आमच्या डॉक्टरांचं लॉन तू पाहिलंच आहेस. पेशंटच्या दातांकडे बघत नसतील इतक्या मायेने ते त्या गवताकडे बघतात, कडा तर कात्रीने कापतात. बाबांनी मागणी केली तेव्हा इंजेक्शन न देता दाढ उपटावी तसा त्यांचा चेहरा झाला. तरी नाही म्हणाले नाहीत. एका खाटेएवढी जागा दिली.

बाबांनी तिथे मुळा पेरला. चिमट्याने, एकेक बी, पट्टीने अंतर मोजून. पन्नास वर्षं घड्याळं दुरुस्त केलेला माणूस, दुसरं काय करणार! पण रोपं दोन पानांवर येतात आणि माना टाकतात. दोनदा पेरून झालं. बाबा दिवसेंदिवस गप्प होताहेत, आणि ते गप्प झाले की मला भीती वाटते. तुला काही लिहिलंय का? मला ताकास तूर लागू देत नाहीत.

वहिनीला नमस्कार. लोभ वाढू द्यावा, आमच्या लॉनसारखा कातरू नये.
तुझी,
चिमी


११ ऑक्टोबर

चि. दादा यास,
अनेक आशीर्वाद.

मी ठीक आहे. चिमी जेवायला घालते आणि मग नीट जेवलो की नाही यावर पाळत ठेवते. जावईबापू सज्जन आहेत, पण त्यांची जमीन बेभरवशाची आहे. मी माझ्याकडून कसूर करत नाही. रोज सकाळी प्रत्येक रोप अलगद उपटतो, मुळाची वाढ भिंगाखाली तपासतो आणि पुन्हा होतं तिथे बसवतो. घड्याळ आतून उघडून पाहिल्याशिवाय ते चालतंय की बंद पडलंय हे कळत नाही, तसंच हे. तरी मुळा काही धरत नाही.

नोव्हेंबर संपेपर्यंत वाट पाहीन. तोवर जावयाच्या ताटात एक मुळा वाढता आला तर ठीक, नाहीतर आपल्या घरी परत जाईन. एकटा राहीन. माणसाने कुठेतरी उपयोगाचं असावं, निदान कुणाच्या अध्यात-मध्यात नसावं. तरी घराची किल्ली पाठवून दे.

तुझा मुलगा दर दोन दिवसांनी घड्याळाला किल्ली देतो ना? रोज दिली तर स्प्रिंग तुटेल म्हणावं.
बाबा


१९ ऑक्टोबर

चि. सौ. चिमीस,
अ. उ. आ.

बाबांचं पत्र आलं. तुझी वहिनी आणि मी इतके हसलो, की खालच्या मजल्यावरचे विचारायला आले. अगं, त्यांची रोपं मरत नाहीत, ते त्यांना रोज सकाळी उपटून तपासतात! भिंग लावून! आठव, भात शिजला का बघायला ते दर दोन मिनिटांनी झाकण काढायचे आणि शेवटी आईने त्यांना स्वयंपाकघरात यायची बंदी केली होती. कोंबडीच्या जागी ते असते तर जगात एक अंडं उबलं नसतं असं आई म्हणायची.

पण पुढचं वाचून हसू पळालं. नोव्हेंबरअखेर मुळा आला नाही तर ते त्या रिकाम्या घरी एकटे राहायला जाणार आहेत. तिथे जिन्याला चौदा पायऱ्या आहेत आणि ते नवव्या पायरीवरून पडले होते. मी चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, त्यामुळे माझ्याकडे या असं म्हणायलाही मला तोंड नाही. किल्ली सापडत नाही असं मी त्यांना कळवलंय. ती माझ्या टेबलाच्या खणात आहे. या वयात बापाशी खोटं बोलतोय, देव मला माफ करो.

तू एक कर. तिसऱ्यांदा पेरायला लाव आणि भिंग लपव. भिंगाशिवाय ते रोपाला हात लावणार नाहीत. नुसत्या डोळ्यांनी बघणं त्यांना कमीपणाचं वाटतं.

डॉक्टरांना नमस्कार, त्यांच्या उरलेल्या लॉनला सहानुभूती.
दादा


२९ नोव्हेंबर

ती. दादांस,
सा. न. वि. वि.

मी सहसा पत्र लिहीत नाही. लिहितो ती औषधाची चिठ्ठी, आणि तीही कुणाला वाचता येत नाही. पण आज एक गुन्हा कबूल करायचा आहे.

हिने भिंग लपवलं, बाबांनी तिसऱ्यांदा पेरलं. पाला चांगला वीतभर वर आलाय. पण खाली काही आहे का हे कळायला मार्ग नाही, आणि उपटून बघायची माझी छाती होईना. मुदत उद्याची. काल बाबांनी दाढीचं सामानसुद्धा बॅगेत भरलं. ते बघून मला राहवलं नाही. आज पहाटे बाजारातून मुळ्याच्या दोन जुड्या आणल्या आणि बाबा उठायच्या आत, मधली काही रोपं अंधारात, खाली काय आहे ते न बघताच काढून, त्या जागी पुरून टाकल्या. गुडघे टेकून, माझ्याच लॉनवर, चोरासारखा!

तुम्ही म्हणाल, एवढा आटापिटा कशाला. खरं सांगतो. दवाखान्यातलं घड्याळ दहा वर्षं वीस मिनिटं मागे होतं, ते आता बरोबर चालतं. घाबरलेल्या पेशंटपाशी बाबा जाऊन बसतात आणि अजिबात दुखत नाही असं धडधडीत खोटं सांगतात. त्यांचे स्वतःचे सगळे दात मी काढलेले असूनही. माझे वडील मी सहावीत असताना गेले. घरात कुणालातरी बाबा म्हणून हाक मारायची मला सवय लागली आहे, आणि ती मोडायची नाही. गवत काय, पुन्हा लावता येईल.

हिला सांगू नका. आयुष्यभर ऐकवेल.
आपला,
डॉक्टर


१ डिसेंबर

चि. दादा यास,
अनेक आशीर्वाद.

काल मुळे काढले. जावईबापू शेजारी उभे राहून मी उपटायच्या आधीच वा वा करत होते. मुळे मनगटाएवढे जाड निघाले. सगळे एका उंचीचे, एका रांगेत, कवळी बसवावी तसे बसवलेले. दंतवैद्याचा हात लपतो होय! परवा सकाळी त्यांच्या पायजम्याचे गुडघे मातीने का माखले होते, तेही कळलं. एकाला तर बाजारवाल्याचं रबर तसंच होतं. मी ते हळूच खिशात टाकलं. चिमीने मुळा खाल्ला आणि म्हणाली, घरच्या मुळ्याची चवच वेगळी. मी बरं म्हटलं.

भिंग तांदळाच्या डब्यात आहे हे मला तिसऱ्या दिवशीच कळलं होतं. या घरात तांदूळ मी निवडतो, एवढं तिच्या लक्षात यायला हवं होतं. पण कुणीतरी एवढ्या खटपटीने लपवलंय तर राहू दे म्हटलं. तुझी किल्लीही हरवलेली नाही. लहानपणापासून तुझं हरवलेलं सगळं खणात सापडतं. तीही तिथेच असू दे. ज्या माणसाचे गुडघे दुखतात आणि तरी जो माझ्यासाठी पहाटे चिखलात बसतो, त्याच्या घरातून निघून जाण्याइतका मी कोडगा नाही. बॅग रिकामी करून चिमीला दिली, तीत ती कांदे ठेवणार आहे.

जावईबापू आज सुतळी घेऊन आले आणि आणखी एका खाटेएवढं लॉन घ्या म्हणाले. मी अर्धीच खाट घेतली. माणसाला अगदीच उघडंबोडकं करू नये.

आता तुला एकट्याला सांगतो. सगळे आत गेल्यावर मी त्या रांगेच्या कडेची रोपं उपटून पाहिली. त्यांना तीन मुळे लागलेत. माझे, खरे. करंगळीएवढे आहेत आणि एक वाकडा आहे. त्यातला सरळ मुळा आज दुपारी जावईबापूंच्या ताटात वाढणार आहे. ते बाजारचा समजूनच खातील. खाऊ देत.

तुम्हा सर्वांना आशीर्वाद आहेतच. खणाला कुलूप लाव.
बाबा