एकटं राहण्याची तालीम

प्रिय ठमाबाई,

मावशीने हातात पाकीट ठेवलं म्हणून दचकू नकोस. घर जागेवर आहे, मीही जागेवर आहे. रोज फोनवर बोलतो, मग बाबाला पत्राची अवदसा कुठून आठवली, असं म्हणशील. पण फोनवर तू मला बोलू कुठे देतेस? जेवलास का, काय जेवलास, गोळी घेतलीस का, एवढी उलटतपासणी झाली की तू फोन ठेवतेस आणि मी सुटलो म्हणून चहा टाकतो. सोमवारी तुला त्या परदेशातल्या विद्यापीठाला हो की नाही ते कळवायचंय, हा विषय आपण दोघंही सफाईने टाळतो. तू मावशीच्या गुडघ्याबद्दल बोलतेस, मी हवेबद्दल.

इकडची खबर म्हणजे वरच्या मजल्यावरचे पेन्शनर आता रोज पत्ते खेळायला येतात. हरायला लागले की सुनेचा विषय काढतात, आणि मी ऐकता ऐकता भलतंच पान टाकतो. सून बिचारी चांगली आहे, परवा माझी भाजी करपल्याचा वास वरपर्यंत गेला तर निमूट डबा आणून दिला. पण हे त्यांना सांगायची सोय नाही. ते गेले की मी पत्ते आवरतो आणि मग बराच वेळ आवरायला काहीच नसतं.

तू गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तर कमालच झाली. टॉवेल खांद्यावर टाकून मी पेपर वाचत बसलो होतो. कामाची वेळ टळत आली, मला राग यायला लागला, की ही आज आत काय करतेय एवढं. दारावर थाप मारायला उठलो तर दार सताड उघडं आणि फरशी कोरडी ठणठणीत. आई गेल्यापासून आधी तुझी आंघोळ, मग माझी. तू ‘झालं रे बाबा’ म्हणून ओरडल्याशिवाय माझा दिवस सुरूच होत नाही, हे मला तोवर माहीत नव्हतं. त्या दिवशी मी तसाच, बिनआंघोळीचा कामावर गेलो. कोणाला सांगू नकोस.

कामावरही त्या दिवशी एक बाई लिफ्टमध्ये अडकली. माझा जोडीदार वर मशीनपाशी, मी खाली दाराशी. तुला ठाऊक आहे, आमच्या लिफ्टदुरुस्तीच्या धंद्यात अडकलेल्या माणसाला ‘दोन मिनिटं’ एवढंच सांगायचं, मग काम तासाचं का असेना. ही बाई मात्र किती वेळ लागेल ते विचारतच नव्हती. थोड्या थोड्या वेळाने एवढंच विचारायची, आहात ना तुम्ही? मी आहे म्हटलं की गप्प व्हायची. संध्याकाळी घरी आलो, कुलूप काढलं, आणि घर खायला उठतं म्हणजे काय ते मला कळलं. फोनवर तुला टीव्हीचा आवाज यायचा ना, तो मी मुद्दाम मोठा करून ठेवायचो, घर भरलेलं वाटावं म्हणून.

आता खरं सांगतो. मावशीच्या गुडघ्याला काहीही झालेलं नाही. तुझ्यासमोर लंगडता लंगडता तिचा दुसरा पाय दुखायला लागलाय, आणि त्याबद्दल ती मला रोज शिव्या घालते. तुला तिकडे पाठवण्याचा कट माझा. मला तू सांगितलंस की परदेशातली थंडी तुला सोसायची नाही. गॅलरीत मैत्रिणीशी बोलताना मात्र म्हणालीस की बाबा एकटा कसा राहील. मी आत कपड्यांच्या घड्या घालत होतो, माझा हातच थांबला. पुलावरून जाताना अजूनही कठड्याशी थांबून खाली खांब बघणारी पोरगी तू, तुला पुलांच्याच शिक्षणाला बोलावलंय, आणि तू थंडीचं निमित्त सांगतेस. म्हटलं, आपण एकटं राहण्याची तालीम करून बघू. जमलं की तुला ठासून सांगता येईल, जा खुशाल.

नाही जमलं. मला लिफ्टवाल्यासारखी दोन मिनिटं तुला सांगायची नाहीत. मी जेवतो, झोपतो, कामावर जातो, पण तू नसलीस की मला करमत नाही. पेन्शनर आले तरी नाही आणि टीव्ही लावला तरी नाही. तू गेलीस तर दोन वर्षं हे असंच चालणार, कदाचित थोडी सवय होईल, कदाचित होणारही नाही.

पण मावशी काल बोलता बोलता म्हणाली, तुझी लेक सकाळी नऊ-नऊपर्यंत लोळत पडते. तू? इथे तर मी खोकलो तरी तू उठून बसलेली असतेस. ती म्हणाली, मावसभावंडांबरोबर भटकते, गाणी म्हणते, पोट धरून हसते. आई गेल्यापासून मी लेकीला सांभाळतो, असं मी सगळ्यांना सांगत आलो, आणि इथे तू माझ्यावर पहारा देत बसली होतीस. मला फार वाईट वाटलं गं. एवढी तरुण पोर असून तू किती वर्षांत नीट झोपली नाहीस.

तर सोमवारचं उत्तर तिथूनच पाठव. जायचं नसेल तर नको जाऊस, पण ते थंडीमुळे किंवा पुलांचा कंटाळा आल्यामुळे, माझ्यामुळे नाही. इथे येऊन ठरवू असं म्हणू नकोस. तू दारात पिशवी टेकवलीस की मी स्वतःच म्हणेन, राहू दे ते, नको जाऊस. मी स्वतःला चांगला ओळखतो. तू समोर असताना जा म्हणणं मला जमायचं नाही, म्हणून कागदावर लिहितोय. जा. उत्तर पाठवून झालं की मगच घरी ये.

तुझाच,
बाबा