ज्याचा हार त्याचं मशीन

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा.
आज माझा सन्मान झाला. अंबडला ललितच्या लेथच्या वर्कशॉपमध्ये आमच्या 'जुनी इंजिनं' ग्रुपची पूजा होती. चांदवडच्या गोटीरामने आपल्या विहिरीवरचं जुनं डिझेल इंजिन आणि त्याचा अवाढव्य पंप पिकअपमध्ये घालून आणला होता. झेंडूचा हार कोणी घालायचा म्हटल्यावर सगळे एकेक पाऊल मागे सरले. आजच्या काळात एवढी नम्रता बघायला मिळत नाही. शेवटी गोटीरामच म्हणाला, हार बोरस्ते साहेबांच्या हातून होऊ द्या, कंपनीत जल्मभर मेंटेनन्स केलेला माणूस हे, लय मान हे त्यांचा. मी हार घातला. टाळ्या बराच वेळ थांबेनात.
मग ललितने ग्रुपचा रिवाज सांगितला. ज्याचा हार त्याचं मशीन. भंगारात द्यायचं नाही आणि इंजिन-पंपाची जोडी फोडायची नाही. म्हणजे फुकट! एवढ्या जाणकारांतून निवड माझी झाली.
संकल्प: स्वतःच्या घराला स्वतःचा जनरेटर. इंजिनाला डायनामो जोडला की झालं. लाईट गेली की पाथर्डी फाट्यावर उजेड फक्त बोरस्त्यांकडे. इन्व्हर्टर ही काय माणसाने ठेवायची वस्तू आहे?

३ ऑक्टोबर.
उज्वलाला सांगितलं. बायकोने नाही म्हटलं नाही, म्हणजे पसंत आहे. नंतर म्हणाली, ठेवणार कुठे? पार्किंगमध्ये माझी गाडी आहे.
ही गाडी म्हणजे एक प्रकरणच आहे. उज्वलाची आई, नवसाबाई, कळवणला एकट्या राहतात. उज्वला पूर्वी सारखी म्हणायची, मला आईकडे घेऊन चला. मी दर वेळी सांगायचो, सवड झाली की नेतो. मी एकदाही नाही म्हटलेलं नाही, हे इथे नमूद करतो. तरी यंदा बाईसाहेब ड्रायव्हिंग शिकल्या आणि नोकरीच्या शाळेतल्या मैत्रिणीची जुनी गाडी घेऊन आल्या. चोपन्नाव्या वर्षी! नवसाबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन १७ नोव्हेंबरला नाशिकला आहे. सोळाला ही स्वतः चालवत कळवणला जाणार आणि आईला घेऊन येणार. म्हातारीने म्हणे अख्ख्या आळीला सांगून ठेवलंय, माझी पोर गाडी घेऊन येणार.
उज्वलाची अट एकच. सोळाला सकाळी गाडी बाहेर निघाली पाहिजे.
म्हटलं, बिनघोर राहा. मापं घेण्यातच माझे केस पिकले.

५ ऑक्टोबर, रविवार.
इंजिन आलं. बाजूची फिरती चाकं सोडून, कारण ती इतकी जड की पिकअपवाला म्हणाला पुढच्या खेपेला. जागा ठरवली: गेटजवळ, कंपाउंडच्या भिंतीला लागून. धूर सरळ रस्त्यावर जाईल. गाडी त्याच्या आत घराच्या बाजूने उभी राहते. टेपने मोजलं. गाडी इंजिनाच्या शेजारून आरामात निघते, वर वीतभर जागा शिल्लक. उज्वलाला वीत दाखवली.
दुपारी काँक्रीटचा पाया भरला, त्यात बोल्ट. असा पाया भूकंपातही हलायचा नाही.

९ ऑक्टोबर.
पायाला दिवसातून तीनदा पाणी. उज्वला म्हणाली, माझ्या कुंड्यांना एवढं पाणी घातलं असतंत तर. तिला क्युरिंग समजावून सांगितलं. ती अर्ध्यातच आत गेली.
पंप जिन्याखाली ठेवलाय. त्याच्या तोंडात फुटबॉल जाईल. शेजारच्या मंजुषा वहिनींनी विचारलं, एवढ्या पंपाने काय करणार? म्हटलं, वेळ पडली तर कॉलनीला पाणी पुरवीन. त्या हसल्या. आनंदाने असेल.

१८ ऑक्टोबर, शनिवार. धनत्रयोदशी.
चाकं आली. मुहूर्तावर लोखंड घरात. दोन्ही बाजूंना एकेक, बैलगाडीची शोभावीत अशी. गोटीरामने घण घालून चाव्या, म्हणजे चाक जखडणाऱ्या लोखंडी पाचरी, ठोकल्या. म्हणाला, आता ही चाकं तुमच्या नातवाच्या बी लग्नात निघायची नाय. फार समाधान वाटलं.
संध्याकाळी उज्वला शाळेतून येऊन गेटजवळ चाकाच्या शेजारी हाताची वीत लावू लागली. मग तिने विचारलं, वीत कुठे गेली?
वीत चाकात गेली. माप चाकांशिवायचं होतं, हे खरं. पण त्या दिवशी चाकं नव्हतीच, मग मोजणार कशी? गाडी आत आहे आणि तूर्त आतच राहील. एका अर्थाने बरंच झालं, आता ती कोणी चोरू शकत नाही. हे मी उज्वलाला बोलून दाखवलं. बोलायला नको होतं.
संकल्प: सोळा नोव्हेंबरच्या आत चाकं काढणे. किरकोळ काम.

१९ ऑक्टोबर, रविवार.
ग्रुपची मंडळी आली होती. चौघांनी आळीपाळीने हँडल मारलं आणि इंजिन चालू झालं! धुक्-धुक्-धुक्. डोळ्यांत पाणी आलं. थोडं धुराने, पण मुख्यतः आनंदाने. कपाटावरचे डबे खाली आले. ललित म्हणाला, लगेहाथ पंपही बघून घेऊ. पंपाचं एक तोंड आमच्या जमिनीतल्या टाकीत सोडलं, दुसरं रस्त्याकडे. काय जोर! गोटीराम म्हणाला, निम्मी विहीर उपसायची याने. मग पंप अचानक कोरडा पडला. टाकी संपली होती. चाचणी पूर्ण यशस्वी.

२० ऑक्टोबर, सोमवार. नरक चतुर्दशी.
अभ्यंगस्नानाला पाणी नाही. उटणं लावून बसलो होतो. मंजुषा वहिनींनी दोन बादल्या दिल्या. काल त्यांची रांगोळी आमच्या पाण्यात वाहून गेली होती, तरी दिल्या. एक बादली उज्वलाने घेतली. दुसरीही उज्वलानेच घेतली.
उटणं वाळल्यावर ओढतं. दुपारी टँकर आला.

२२ ऑक्टोबर, बुधवार. पाडवा.
विचारांती असं ठरवलं की एवढी चांगली वस्तू मी एकट्याने ठेवून घेणं हा स्वार्थ आहे. ललितकडे ग्रुपचा फराळ होता. पिशवीत झेंडूचा हार घेऊनच गेलो. म्हटलं, या वेळी मान दुसऱ्या कोणाला द्यावा. सगळ्यांनी एकदम दोन्ही हातांनी चिवड्याच्या प्लेटा धरल्या. गोटीरामने तर लाडवाने तोंडही गुंतवलं. ललित म्हणाला, साहेब, हार फक्त दसऱ्याला चालतो. पुढच्या दसऱ्याला बघू.
मग हळूच विचारलं, गोटीरामला हे मशीन कोणी दिलं होतं? ललित म्हणाला, मीच. आणि ललितला? सटाण्याच्या एका मेंबरने. तो मेंबर आता ग्रुपमध्ये नाही. दसऱ्याआधीच सोडून गेला म्हणे.
घरी येताना हार स्कूटरला घातला.

२ नोव्हेंबर, रविवार.
चाक काढण्याचं काम सुरू. चाव्यांवर रॉकेल सोडलं. मग तेल. मग घण. ललितकडून चाक ओढून काढायचा ओढपाना आणला, त्याचा पाय तुटला. चाक तसूभर हललं नाही. जुन्या काळची कामं ती जुन्या काळचीच! पाया फोडावा का? ब्रेकरवाल्याला बोलावलं. तो पाया बघून म्हणाला, साहेब, हे भरलं कोणी? म्हटलं, मी. तो म्हणाला, एवढा पाया तर धरणालाबी नसतो. हे फोडायला घेतलं तर घराला तडे जातील.
अभिमान वाटला आणि पंचाईतही झाली.

९ नोव्हेंबर, रविवार.
संध्याकाळी पार्किंगमधून आवाज आला म्हणून डोकावलो. उज्वला बंद गाडीत बसून गिअर टाकत होती. पहिला, दुसरा, तिसरा. मधेच इंडिकेटर द्यायची. आरशात बघायची. एकदा हॉर्नकडे हात नेऊन थांबली. समोर माझं चाक होतं.
मला वाईट वाटलं. खूपच वाईट वाटलं. आत येऊन चहा घेतला.

१२ नोव्हेंबर.
तोडगा सापडला. कळवणसाठी भाड्याची जीप करायची, ड्रायव्हरसकट. उज्वलाला सांगितलं. ती म्हणाली, आईने आळीत काय सांगितलंय ते ठाऊक आहे ना तुम्हाला? जीप येणार असं नाही सांगितलेलं. मग भाजी निवडत म्हणाली, शुक्रवारी गवंडी येणार आहे. बाथरूमच्या फरशीचं काम दिसतंय. चला, तिने मन दुसरीकडे वळवलं हे उत्तम.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार.
(डाव्या हाताने.)
सकाळी शेवटचा उपाय. इंजिन जोरात चालवलं की थरथरून चाव्या आपोआप ढिल्या होतील. शास्त्रशुद्ध कल्पना. चौघांचं काम एकट्याने करायला घेतलं. हँडल मारलं. इंजिनाने ते उलटं मारलं. मनगट. मंजुषा वहिनींनी त्यांच्या स्कूटरवर दवाखान्यात नेलं. प्लास्टर. डॉक्टरांनी विचारलं, घरी विहीर आहे का? नाही म्हटलं. त्यांनी कागदावर 'घरगुती अपघात' लिहिलं.
दुपारी परत आलो तर मागच्या बोळाकडची कंपाउंडची भिंत नाही. होती तिथे गाडी जाईल एवढी मोकळी जागा, आणि गवंडी लोखंडी गेटचे खांब बसवतोय. उज्वला टेप घेऊन उभी. तिने गाडीचं माप आरसे उघडे ठेवून घेतलं होतं.
मी म्हटलं, मला विचारायचं तरी. ती म्हणाली, तुम्ही कामात होता.

१६ नोव्हेंबर, रविवार.
पहाटेच निघाली. रिव्हर्स घेत, एका दमात, बोळातून बाहेर. मी प्लास्टर उंच करून मार्गदर्शन करत होतो. तिने काच वर केली.
दिवस फार मोठा गेला. वणीच्या रस्त्याला वळणं आहेत, सारखं तेच डोळ्यापुढे. देवाला दिवा लावला. डाव्या हाताने.
संध्याकाळी आल्या. नवसाबाई पुढच्या सीटवर, नवं लुगडं नेसून, राणीसारख्या. कळवणच्या आळीतले सगळे वेशीपर्यंत सोडायला आले होते म्हणे. मशीनजवळ येऊन त्यांनी हाताने चाक चाचपलं आणि विचारलं, जावाईबापू, हाई काय शे? म्हटलं, जनरेटर. डायनामो यायचाय अजून.

१८ नोव्हेंबर, मंगळवार.
ऑपरेशन छान झालं. आज पट्टी काढली. रात्री जेवताना लाईट गेली. महिनाभर जिची वाट पाहिली ती वेळ! डायनामो नाही, पण निदान इंजिनाचा आवाज तरी करावा म्हणून उठलो. उज्वला म्हणाली, डॉक्टरांनी धूर वर्ज्य सांगितलाय, बसा खाली. तेवढ्यात पंखा फिरायला लागला, दिवेही लागले. हिने गुपचूप इन्व्हर्टर बसवून घेतलाय.
नवसाबाई नव्या डोळ्याने सगळीकडे बघत होत्या. खिडकीतून मशीनकडेही बघितलं. धुणं वाळत घालायला बरं आहे, म्हणाल्या.

२३ नोव्हेंबर, रविवार.
दोन्ही चाकांवर लुगडी वाळताहेत. पंपाच्या तोंडात कांदे ठेवलेत.
आज चांदवडला गोटीरामकडे ग्रुपची बैठक. एकमताने मला अध्यक्ष करणार आहेत, असा ललितचा फोन होता. आणखी एक इंजिन आहे, तेही दाखवायचंय, असंही म्हणाला. स्कूटर चालवता येत नाही. प्लास्टर महिनाभर. मागच्या गेटची किल्ली उज्वलाच्या पर्समध्ये.
तिला म्हटलं, मला चांदवडला घेऊन चल. ती आईच्या डोळ्यात औषधाचे थेंब घालत होती. वर न बघता म्हणाली, सवड झाली की नेते.
सवड म्हणजे नेमकी कधी, हे विचारलं नाही. ते मला माहीत आहे.