अर्ध्या पानाचा अर्ज

आई, मी सध्या रोज अंबडला येते, तुझ्या कंपनीपासून दोन गल्ल्या सोडून. एका बंद पडलेल्या कारखान्याच्या शेडमध्ये आता मेकरस्पेस आहे, म्हणजे ज्याला जे बनवायचंय ते त्याने येऊन बनवावं अशी सगळ्यांसाठीची कार्यशाळा. तिथे आम्हा सहा कलाकारांना सहा आठवडे जागा, हत्यारं आणि सुटे भाग दिलेत, आणि आम्ही इलेक्ट्रॉनिक वाद्यं बनवतोय. याला रेसिडेन्सी म्हणतात. यातून पुढे काय, असं तू विचारलं असतंस, आणि ते मलाही नीट सांगता आलं नसतं. माझं वाद्य म्हणजे एक पत्र्याचा डबा, वर चार तांब्याच्या पट्ट्या. पट्टीवर बोट ठेवलं की सूर निघतो, दाबलं की चढतो. आतलं सगळं काम सोल्डरिंगचं. तू लाईनवर बसून सतरा वर्षं जे केलंस ते मी इथे कला म्हणून करते.

प्रत्येक टेबलावर धूर ओढून घेणारा छोटा पंखा आहे. तो लावल्याशिवाय सोल्डरिंगची गन हातात घ्यायची नाही, असं आम्हाला शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं. मी पंखा लावला, तरी सोल्डरमधल्या जळत्या राळेचा तो वास आलाच. तू दारातून आत यायच्या आधी यायचा तो. मी सातवीत आहे, पवननगरच्या खोलीत ओट्यावर वर्तमानपत्र अंथरलंय. तू कंपनीतून बाद झालेला एक बोर्ड आणलायस आणि शेजारच्या टीव्ही दुरुस्तीवाल्याकडून गन मागून घेतलीयस. तार नको तापवू, जागा तापव, तू सांगतेस. मी घाईने फुंकर मारते आणि टाका मळकट होतो. तू हातावर चापट मारतेस आणि तो काढायला लावतेस, चार वेळा. परवा शिकवणाऱ्या बाईंनी माझा बोर्ड उलटा करून पाहिला आणि विचारलं, इतकं स्वच्छ कुठे शिकलीस? आईकडे, म्हटलं. त्यांना ते फार आवडलं.

सगळ्यांनाच आवडतं ते. मला इथे घेतलं तेही तुझ्यामुळेच. अर्जात लिहायचं होतं की तुम्हाला हे काम का करायचंय, आणि मी तुझ्यावर चार पानं लिहिली. तुझी भाजलेली बोटं, फोडणी टाकली की तुला येणारी ढास, सगळं. एका बैठकीत लिहिली.

तुला हवं होतं ते अर्धं पान. डॉक्टरांनी दमा सांगितला होता, धुरापासून लांब राहा म्हणाले होते. तुमच्या सुपरवायझर साहेबांनी सांगितलं होतं, चिठ्ठी जोडून अर्ज द्या, मी तुम्हाला पॅकिंगला टाकतो. तू मला म्हणालीस, लिहून दे, तुझं अक्षर चांगलंय. माझ्या कॉलेजच्या गॅदरिंगची तालीम चालू होती. मी म्हटलं, रविवारी. मग म्हटलं, कॉम्प्युटरवर टाईप करून आणते. तिसऱ्या वेळी तू जेवताना माझ्या ताटाशेजारी कोरा कागद आणि पेन ठेवलंस, आणि मी वैतागून म्हणाले, "एवढं तर तूसुद्धा लिहू शकतेस." चौथीपर्यंत शिकलेली तू, सहीपुरतीच लिहायचीस. तू कागद उचललास, मला भाजी वाढलीस, आणि परत कधी विचारलं नाहीस. दुसऱ्या कुणाकडूनही लिहून घेता आलं असतं. पण माझी मुलगी लिहून देणार आहे, असं तू लाईनवर सगळ्यांना सांगून बसली होतीस, हे मला फार उशिरा कळलं.

दीड वर्षाने, ऐन उन्हाळ्यात, लाईनवरच तुझा श्वास अडकला. साहेबांनी स्वतःच्या गाडीत घालून तुला दवाखान्यात नेलं. मी पोचले तेव्हा ते बाहेर तुझी डब्याची पिशवी धरून उभे होते. धुरामुळेच झालं असं खात्रीने सांगता येणार नाही, डॉक्टर म्हणाले होते. ते वाक्य मी इतकी वर्षं जपलंय.

मागच्या शनिवारी दुपारी आमचं सादरीकरण झालं. आईच्या सोबतच्या बायकांना बोलवा, असा आयोजकांचा आग्रह होता. एकच आल्या, तुझ्या शेजारच्या खुर्चीवरच्या मावशी, ठेवणीतली साडी नेसून. मी तुझ्याबद्दल बोलले, मग वाजवलं. नंतर मावशींनी पट्टीवर बोट ठेवलं, दचकून काढलं, हसल्या आणि पुन्हा ठेवलं. चहा घेताना त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, "तिचा तो पॅकिंगचा अर्ज होता ना? पोरगी लिहून देणारे म्हणायची. दिला का नाय मग?"

मी म्हणाले, "दिला होता, मावशी. साहेबांनी घेतला नाही."

आई, मला अडखळायलासुद्धा झालं नाही. मावशींनी कप खाली ठेवला. "मला तो माणूस लय बरा वाटायचा," त्या म्हणाल्या. साहेब आता रिटायर झालेत, सिडकोतच राहतात, सकाळी बागेत भेटतात, रोज बोलणं होतं. एकदा तोंडावर विचारते त्याला, म्हणाल्या. शिकवणाऱ्या बाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. सोमवारी येऊन पाहिलं तर वाद्याशेजारच्या माहितीच्या पाटीवर आयोजकांनी एक ओळ वाढवली होती, की बदलीचा अर्ज नाकारला गेला होता. बरोबर आहे ना, त्यांनी विचारलं. मी शुद्धलेखनाची एक चूक दाखवली आणि हो म्हटलं.

हे पत्र तुला पोचणार नाही, हे ठाऊक असल्यामुळेच लिहिता आलं. खरं तर ते मावशींना द्यायला हवं. आज दुपारी त्यांचा दोनदा फोन आला. मी टेबलावरच होते, हातात काहीच काम नव्हतं. तरी उचलला नाही.