सात हजार फुटांवरची सवाष्ण

सांता फे, न्यू मेक्सिको
१४ जून १९८६

ती. गं. भा. मालिनीताईंस,
दिगंबरचा सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. तुमच्या धाकट्या बहिणीचं, पद्मिनीचं गाव बघायचंय, पण तिथे श्वास घेता येईल का, असं विचारलंत. येईल. गाव सात हजार फुटांवर आहे, म्हणजे महाबळेश्वराच्या दीडपट. पहिले दोन दिवस पायऱ्या सावकाश चढायच्या, तहान नसली तरी पाणी प्यायचं, ऊन कोवळं वाटलं तरी डोक्यावर पदर घ्यायचा. तिसऱ्या दिवशी तुम्ही मला मागे टाकाल.

विमान आल्बुकर्कीला उतरतं. तिथून तासाभराचा रस्ता. त्यातला काही मी नोकरीत असताना आखलेला आहे, तेव्हा वळणांबद्दल तक्रार चालणार नाही. घरं मातीच्या रंगाची, सपाट धाब्याची. चौकात पुएब्लो लोक कांबळी पसरून चांदीचे दागिने विकतात. ते इथले मूळचे. स्पॅनिश घराणीही शेकडो वर्षांची. बाकी आमच्यासारखे मागून आलेले. पद्मिनी म्हणायची, इथे तू कुठली असं कुणी दोनदा विचारत नाही.

हॉटेलात मात्र एक प्रश्न हटकून विचारतात: लाल की हिरवी? म्हणजे मिरची. उत्तर तयार ठेवून या. दारोदारी लाल मिरच्यांच्या माळा टांगलेल्या असतात. आमच्या माळेखाली पद्मिनीनं लिंबू बांधलं होतं. आता शेजारच्या बेनिता लुसेरोबाईंच्या दारावरही लिंबू आहे. त्या तीन वर्षांपूर्वी राहायला आल्या, पद्मिनीच्या आजारात रोज यायच्या. एलॉय असं म्हणतो, एलॉय तसं म्हणतो, हे सारखं चालू असतं. एलॉय म्हणजे त्यांचे यजमान. मी अजून पाहिलेले नाहीत. बाहेरगावी कामावर असावेत.

वर्षश्राद्ध आमचा गिरीश ऑगस्टमध्ये एडिसनला त्याच्या घरी करणार आहे, तिथे गुरुजी मिळतात. पण सप्टेंबरातली अविधवा नवमी मला इथे, तिच्या स्वयंपाकघरात करायची आहे. त्यासाठी तुम्ही याच.

आपला,
दिगंबर


सांगली
६ जुलै १९८६

चि. दिगंबररावांस,
अ. उ. आ.

तुम्ही चार ओळींपेक्षा मोठं पत्र लिहिलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. पद्मिनी असती तर चौकटीत लावलं असतं.

पण मी येत नाही. माझ्या विनयला मी उंचीचं कारण सांगितलं. तुम्हाला खरं लिहिते. अविधवा नवमीला, नवऱ्यामागे न राहता गेलेल्या बाईच्या नावानं सवाष्ण जेवायला घालतात. मी सवाष्ण नाही. हे गेल्यापासून असल्या दिवशी जाऊबाई मला प्रेमानंच सांगतात, ताई, तुम्ही आत पडा जरा. पुरण मी वाटायचं आणि पान वाढायच्या वेळी आत जायचं. इतकी वर्षं त्याचं काही वाटलं नाही. पण सख्ख्या बहिणीच्या पानाच्या वेळी, तिच्याच घरात, परदेशात जाऊन मी आतल्या खोलीत बसायचं, हे मला झेपणार नाही.

तुम्ही त्या लुसेरोबाईंना बोलवा. यजमान आहेत, पद्मिनीचं केलंय, आणखी काय हवं? पुरणपोळी, कटाची आमटी, खीर आणि वडे करा. नारळ, खण, हळदकुंकू तबकात ठेवा. खीर गरम वाढू नका.

प्रकृतीला जपा.

तुमची,
मालिनी


सांता फे
२८ सप्टेंबर १९८६

ती. मालिनीताईंस,
सा. न. वि. वि.

काल नवमी झाली. जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

इथे पाण्याला उकळी लवकर फुटते आणि डाळ मात्र शिजत नाही. पद्मिनी पहिल्या वर्षी त्यापायी रडली होती. मी तिच्याच कुकरात, तिच्या सवयीप्रमाणे, सांगलीच्या दुप्पट वेळ डाळ ठेवली. पोळ्या फाटल्या, पण पोळ्याच म्हणता येतील.

बेनिताबाई काळा झगा घालून, केस विंचरून आल्या. पाट नको, गुडघे दुखतात म्हणाल्या. म्हणून टेबलावर पान मांडलं. कुंकू पुढे केलं, ते त्यांनी स्वतःच लावलं. कटाची आमटी दोनदा घेतली आणि मला विचारलं, यात हिरवी का नाही? वडे संपवले. तबक दिलं तेव्हा खण गालाला लावून बसल्या.

निघताना मी एलॉय यांच्यासाठी डबा भरून दिला. त्या हसायलाच लागल्या. म्हणाल्या, अरे बाबा, एलॉय गावाबाहेरच्या दफनभूमीत आहे, मी इथे यायच्या आधीपासून. मी म्हटलं, पण तुम्ही तर रोज एलॉय म्हणतो असं सांगता. त्यावर म्हणाल्या, मग? मेला म्हणून बोलायचा थांबलाय थोडाच! पद्मिनीला हे ठाऊक होतं म्हणे. मी कधी कुणाला काही विचारत नाही, त्याचं हे फळ.

डबा त्या घेऊन गेल्या. माझ्या हातून सवाष्ण म्हणून विधवा जेवली. मी गुरुजींना विचारलेलं नाही आणि विचारणारही नाही. या घरात इतकं हसणं वर्षभरात झालं नव्हतं, एवढं मला कळतं. पण पद्मिनीची मोठी बहीण तुम्ही. चुकलं असेल तर तुम्ही सांगा, मी मानीन.

आपला,
दिगंबर


सांगली
१५ ऑक्टोबर १९८६

चि. दिगंबररावांस,
अ. उ. आ.

पत्र वाचून ठेवून दिलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचलं, आणि मग जाऊबाईंना मोठ्यानं वाचून दाखवलं. संध्याकाळी चहा घेताना त्या म्हणाल्या, ताई, वडे संपवले म्हणजे बाई मनापासून जेवली.

तर चुकलं का? चुकलं. कटाच्या आमटीत मिरची कमी पडली, ही चूकच. दुसरी मला सापडली नाही.

पुढच्या नवमीला दोन पानं मांडा. एक बेनिताबाईंचं, एक माझं. दोन्ही टेबलावर, गुडघे माझेही दुखतात. विनय पासपोर्टाच्या मागे लागला आहे. पायऱ्या सावकाश चढेन, पाणी पिईन. पुरण मी वाटीन आणि वाढताना तिथेच उभी राहीन.

तोवर एकटं जेवताना रेडिओ तरी लावत जा. लोभ आहेच, तो तिकडच्या उंचीवरही टिकावा.

तुमची,
मालिनी

ता. क. हिरवी.