व्हॉल्व्हच्या आधीचा जोड

बाबा,

न्हाणीघराची फरशी गेल्या आठवड्यात फोडली. तुम्ही असतात तर फोडू दिली नसती, कारण खालचा पाइप तुम्ही स्वतःच्या हाताने टाकला होता. घर बांधताना आलेल्या मिस्त्रीला "हमें मत सिखाओ, भैया" म्हणून कसं हाकललं, ते तुम्ही प्रत्येक पाहुण्याला ऐकवायचात. तर तुमचा तो जोड गळत होता, बहुधा पहिल्या दिवसापासून. खालच्या मातीचा चिखल झाला होता. मागचा कडुनिंब जूनमध्येही हिरवागार असायचा आणि तुम्ही म्हणायचात, माझ्या हातचं झाड आहे. कारखान्यात तुम्ही दुसऱ्यांचे जोड तपासून नापास करत होतात. घरचा एकही तपासला नाहीत. घरची चूक तुमच्या मते आईच असायची.

झाशीचा उन्हाळा, दुपारीच टंकी रिकामी, आणि तुमचा निकाल तयार: आई पाणी उधळते. मला एक सकाळ लख्ख आठवते. आई डोक्यावरून न्हातेय, केसांत शिकेकाई, आणि तुम्ही जिन्याखालचा व्हॉल्व्ह बंद करता. शेजाऱ्यांना कळावं म्हणून हिंदीत ओरडता, "महारानी जी का स्नान अभी पूरा नहीं हुआ!" आई तशीच साडी गुंडाळून कुंपणाशी जाते, डोळे मिटलेले, आणि लोटाभर पाणी मागते. शेजारच्या भाभीजी म्हणतात, "दो ले लो दीदी, भाईसाहब को मत बताना." मी कॉलेजची पुस्तकं छातीशी धरून ओसरीवर उभी. तुम्ही मला म्हणता, "बघून ठेव. सासरी असा संसार करू नकोस."

गंमत अशी की तो जोड तुमच्या व्हॉल्व्हच्या आधी, टंकीच्या बाजूला होता. तुम्ही आईचं पाणी तोडायचात तेव्हाही गळती चालूच राहायची.

शोधायला काहीच लागलं नाही. टंकीत खडूने रेघ मारली, सगळे नळ आणि तुमचा व्हॉल्व्ह बंद केला आणि आईला घेऊन दिवसभर चिरगाँवला गेले. परत आले तर रेघेखाली वीतभर पाणी उतरलेलं. एवढं तुम्हाला एका रविवारी करता आलं असतं.

पाइप बाहेर निघाल्यावर आईला लगेच सांगितलं. ती अजूनही अर्ध्या बादलीत आंघोळ करते. तुकडे तुकडे पडणारा तो पाइप तिने हातात घेऊन पाहिला.

"म्हणजे मी नव्हते?"

"नव्हतीस."

"ह्यांना कळलं असतं तर काय म्हणाले असते गं?"

"तूच पाइपवर पाय आपटत चालतेस, म्हणाले असते."

ती तोंडाला पदर लावून इतकी हसली की तिला बसवावं लागलं. तुमच्या फोटोसमोरच हसली. मी फोटो झाकला नाही.

काल काम संपलं. नवा पाइप उघडाच भिंतीवरून नेलाय, गळला तर दिसेल. सदर बाज़ारातून नळांना बारीक जाळ्या आणल्या, धार तेवढीच वाटते आणि पाणी कमी जातं. कपडे धुतलेलं पाणी आता संडासाच्या फ्लशच्या टाकीत चढतं. हे सगळं मी मन लावून केलं आणि चोख केलं.

तुम्हाला पोचणार नाही म्हणूनच पुढचं लिहिते. काल संध्याकाळी आई हात धुवायला गेली. तिने नळ पूर्ण उघडला आणि नुसती उभी राहिली, मनगटांवरून पाणी सोडत. मी दारातून म्हटलं, "पुरे आता." नळ तत्क्षणी बंद झाला. हातांवर साबण तसाच होता, तो तिने पदराला पुसला.

आज सकाळपासून ती दर वेळी विचारते, "उघडू का गं?" मी "उघड" म्हणते. विचारायची गरज नाही, हे मात्र अजून म्हटलेलं नाही.