अडीच फुटी दारातून अकरा फुटी रेल्वे

आदरणीय मिस्त्री यांस,

मास्तरांचा नमस्कार पोचावा. तो दोन्ही हातांनी केला आहे असं समजून घ्यावं. प्रत्यक्षात डाव्या हाताचा अंगठा सकाळपासून आपल्या खेळातल्या मालधक्क्याच्या छपराला चिकटून बसला आहे, कारण गोंद सुकलाय की नाही हे बोटाने बघायची माझी सवय अजून गेलेली नाही. तुमचा गुडघा कसा आहे? रक्तदाब? सूनबाई मीठ कमी घालतात का, आणि घालत असतील तर तुम्ही गुपचूप वरून घेता का? हे सगळं फोनवर विचारलं असतं, पण तुमचा फोन सूनबाई उचलतात आणि दर वेळी बाबा फिरायला गेलेत म्हणून सांगतात. सकाळी आठला फिरायला, दुपारी एकला फिरायला, संध्याकाळी बातम्यांच्या वेळीही फिरायला. चौदा महिने माणूस इतका चालतोय तर एव्हाना पायी इथपर्यंत यायला हवा होता. त्यांना बिचाऱ्यांना मी दोष देत नाही. त्या जे सांगायला सांगितलं आहे तेच सांगतात, आणि फार गोड आवाजात सांगतात.

इकडे सर्व क्षेम, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. डॉक्टरांनी दवाखाना लेकीच्या हवाली केला हे तुमच्या कानावर आलं असेलच. लेक वडिलांपेक्षा हुशार (हे डॉक्टर स्वतः सांगतात, आणि सांगताना त्यांचा चेहरा बघण्यासारखा असतो) आणि वडिलांपेक्षा टापटिपीची. तिला जबड्याचा एक्स-रे काढायचं मोठं यंत्र बसवायचं आहे, आणि ते बसवायला त्या घरात एकच खोली आहे, ती म्हणजे दवाखान्यावरची आपली. आली ती हातात चहाचा ट्रे घेऊन. तेव्हाच मी ओळखलं की काहीतरी बिनसलंय, कारण एकोणीस वर्षांत त्या घरातून आपल्याला बिस्किटांसकट चहा कधी आला नव्हता. तिने फार अदबीने सांगितलं की काका, महिनाअखेरपर्यंत खोली मोकळी झाली तर बरं होईल. आम्ही तिघांनी तितक्याच अदबीने माना डोलावल्या. तिची पाठ वळल्यावर डॉक्टर म्हणाले की हिला मी लहानपणी इंजिनात बसवलं नाही याचा हा सूड आहे. इंजिन अडीच इंचाचं आहे हे टेलिफोननी त्यांच्या लक्षात आणून दिलं.

(टेलिफोन तसेच आहेत. जन्मभर टेलिफोन खात्यात लोकांची बोलणी जोडून दिली आणि आता स्वतःला धड ऐकू येत नाही. आपल्या रुळांत वीज सोडली की कानातलं यंत्र गुणगुणायला लागतं म्हणून ते काढून खिशात ठेवतात, आणि मग तीन तास खोलीतल्या कुठल्याही वादात त्यांचंच म्हणणं शेवटचं ठरतं.)

आपल्या रेल्वेचा बोर्ड न्यायचा कुठे हा प्रश्न आमच्या हिने एका वाक्यात सोडवला. आमची बाहेरची खोली देऊन टाकली. अट एवढीच की खिडकीजवळची तिची खुर्ची हलवायची नाही आणि जेवणाच्या वेळी कुठल्याही गाडीची सबब सांगायची नाही. मी दोन्ही कबूल केलं आणि मोठ्या उत्साहाने टेप घेऊन दवाखान्यावरच्या खोलीत गेलो. मिस्त्री, आपला बोर्ड अकरा फूट लांब आणि साडेचार फूट रुंद. डोंगर दोन फूट उंच. दार अडीच फुटी, आणि दाराबाहेर पाऊल टाकलं की जिन्याचं वळण. आम्ही मनातल्या मनात तो बोर्ड आडवा, उभा, तिरपा, उलटा असा सगळा फिरवून बघितला. चार मोठी माणसं, त्यातला एक भूगोलाचा शिक्षक, एक डॉक्टर, एक टेलिफोनचा तंत्रज्ञ आणि एक पंचक्रोशीतला नावाजलेला सुतार, एकोणीस वर्षं एका खोलीत रेल्वे बांधत होती आणि ती बाहेर कशी काढायची हे एकालाही सुचलं नाही. तेव्हा डॉक्टरांना आठवलं की अगदी पहिल्या दिवशी तुम्ही म्हणाला होतात, बोर्ड चार तुकड्यांत केलाय, आतून आठ बोल्ट आहेत, काढायचे असतील तेव्हा सांगेन. त्यानंतर आपण त्यावर प्लास्टर ओतलं, डोंगर चढवला, गवत चिकटवलं, खालून वायरींचं जाळं केलं, आणि विचारायचं राहून गेलं.

आता मंगळवारचा प्रसंग ऐका. (बसून ऐका.) बोल्ट शोधायला डॉक्टर बोर्डाखाली शिरले. पाठीवर झोपून, कपाळाला दिवा, हातात दात बघायचा तो लहान गोल आरसा. चाळीस वर्षांची सवय, आत शिरताना आम्हालाच म्हणाले की दुखलं तर हात वर करा. पाच मिनिटांत त्यांच्या शर्टाची बाही सिग्नलच्या वायरींत अडकली. बाही ओढावी तर पाचही सिग्नल निखळतात, न ओढावी तर माणूस बाहेर येत नाही. त्यांनी दुखतंय म्हणून हात वर केला, पण वर बोर्ड होता, त्यामुळे तो आम्हाला दिसायला मार्ग नव्हता. गाड्या तर चालू होत्या. टेलिफोन वेळापत्रक सोडून पॅसेंजर बोगद्यात थांबवायला तयार नाहीत, आत माणसं आहेत म्हणतात. मीही त्यांच्याच बाजूने होतो, खोटं कशाला बोलू. म्हणून ठरलं की बाराची मेल गेली की डॉक्टरांना सोडवायचं.

नेमकी त्या क्षणी लेक दारात आली. वडिलांचे दोन पाय बोर्डाखालून बाहेर आलेले, त्यांतला एक अधूनमधून झटके देतोय. बाबा कधीपासून असे आहेत, तिने विचारलं. मी भिंतीवरच्या आपल्या घड्याळाकडे बघितलं आणि अगदी शांतपणे सांगितलं, सकाळी सहा चाळीसपासून. आणि आता थोडा वेळ, बाराची मेल जाऊ दे.

मिस्त्री, ते घड्याळ तुम्हीच फिरवून दिलेलं. त्यात खऱ्या पाच मिनिटांत एक तास होतो, म्हणून तर आपल्या गाड्यांचा अख्खा दिवस दोन तासांत बसतो. डॉक्टर आत जाऊन फार तर पंचवीस मिनिटं झाली होती. पण बाहेरच्या जगात दुपारचे साडेचार वाजले होते, आणि त्या पोरीने मनातल्या मनात हिशेब केला की तिचा सत्तरीचा बाप दहा तास जमिनीवर पडलाय आणि दोन म्हातारे शेजारी उभे राहून आगगाडी खेळतायत. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती खाली गेली आणि नर्सला आणि खुर्चीवरच्या पेशंटला घेऊन वर आली. पेशंट चांगला धिप्पाड, दाढेला नुकतंच भुलीचं इंजेक्शन दिलेलं, तोंडात कापसाचा बोळा. त्या तिघांनी एका बाजूने बोर्ड उचलला.

पुढचं काय सांगू. डॉक्टर सुटले, बाही फाटली, सिग्नल गेले. मेल डोंगरावरून उतरून थेट जमिनीवर आली. गाई, हमाल, टपालपेटी, भाजीची गाडी, सगळं शहर एका कोपऱ्यात येऊन पडलं. पेशंट त्या कापसातून काहीतरी म्हणाला, ते बहुधा सहानुभूतीचंच असावं, कारण नंतर त्याने स्वतः बसून सात गाई वेचून दिल्या. बोल्टांचा मात्र पत्ता लागला नाही.

मीही जमिनीवर गुडघे टेकून एकेक माणूस उचलत होतो. तुम्ही बांधलेल्या छोट्या स्टेशनवरच्या बाकड्यावरची हिरव्या कपड्यांतली बाई पलंगाच्या पायाशी सापडली. पाऊण इंचाची बाई, रंग कुठे उडाला का बघावं म्हणून डॉक्टरांचं भिंग डोळ्याला लावलं. तिला चष्मा होता. केसाएवढ्या तांब्याच्या तारेचा. मांडीवर विणकामाची पिशवी होती. आणि डाव्या पायातल्या बुटाचा तळ उजव्यापेक्षा जाड होता, अगदी कागदाएवढा, पण जाड होता.

मिस्त्री, मी तिला तळहातावर घेतलं. टेलिफोननी काय सापडलं म्हणून विचारलं, मी भिंगच त्यांच्या हातात दिलं. मग त्यांनी ते डॉक्टरांकडे दिलं. वहिनी होत्या तेव्हा त्यांच्या त्या जाड तळाच्या बुटाचा आवाज जिन्यावरून यायचा आणि आपण घाईघाईने विड्या विझवायचो, ते आम्हा तिघांनाही आठवत होतं. आणि मला त्याशिवाय आणखी एक आठवत होतं. चौदा महिन्यांपूर्वी मेलची वेळ जुळेना म्हणून मी तुमच्या स्टेशनचा हॉल्ट, म्हणजे तिथलं गाडीचं थांबणं, रद्द केला. तुम्ही राहू दे म्हणालात. मी फळ्यासमोर उभा असल्यासारखा आकडे मांडत गेलो, चढणारे प्रवासी शून्य, उतरणारे शून्य, आणि वर म्हणालो, "पाच वर्षं ती बाई बाकड्यावर बसून आहे, तिला कुठे जायचं असतं तर एव्हाना गेली असती." तुम्ही हातातलं काम खाली ठेवलंत. पेचकस खिशात घातला आणि गेलात, आणि त्याच आठवड्यात मुलाकडे गेलात. मला वाटत राहिलं की माणूस एका हॉल्टसाठी एवढा रुसतो म्हणजे कमाल आहे. तसं मी चार लोकांना सांगितलंसुद्धा.

मला माहीत नव्हतं, एवढंच मी म्हणू शकतो, आणि ते पुरेसं नाही हे मला कळतं. मला क्षमा करा.

घरी येऊन हिला सांगितलं. ही भाजी निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. भावोजींनी बुटाचं माप मलाच विचारलं होतं." मग मला का नाही सांगितलंस म्हणून मी चिडलो, तर म्हणाली, "तुम्हाला गाड्या दिसतात हो. बाकड्याकडे कधी बघितलंत?"

तर नवी व्यवस्था कळवतो. बुधवारपासून तुमच्या स्टेशनवर प्रत्येक गाडी थांबते. पॅसेंजर थांबते, मालगाडी थांबते, मेलसुद्धा पाच मिनिटं (म्हणजे खरे पंचवीस सेकंद) थांबते. टेलिफोननी आक्षेप घेतला की एवढ्याशा स्टेशनवर मेल थांबल्याचं त्यांनी उभ्या आयुष्यात बघितलं नाही. त्यांना आम्ही कानातलं यंत्र लावायला लावलं आणि दोनास एक असं बहुमताने हरवलं. माझ्या वेळापत्रकाचा साफ बोऱ्या वाजला आहे. रात्रीची मालगाडी दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळेला पोचते. डॉक्टर म्हणतात की आता कुठे आपली रेल्वे खऱ्यासारखी चालायला लागली. लेकीने आम्हाला माफ केलं आहे, पण आता वर येताना स्वतःचं मनगटी घड्याळ बघत येते.

तब्येतीला जपा. सूनबाईंना आणि मुलाला आशीर्वाद. फिरायला जात असाल तर सावलीतून जा.

तुमचा,
मास्तर

ता. क. बोल्टांचं तेवढं कळवाल का? महिनाअखेर तोंडावर आली आहे. आम्ही खालून ठोकून, वरून टोचून सगळं करून बघितलं. तुमच्याशिवाय ते कोणाला सापडणं शक्य नाही.

ता. क. २ पत्रात नकाशा काढून पाठवू नका. नकाशावरून आमच्यात भांडणं होतात, आणि भूगोलाचा शिक्षक असूनही दर वेळी मीच हरतो. स्वतः येऊन दाखवलंत तर पाच मिनिटांचं काम आहे. सत्तावीस तारखेला सकाळी साडेनऊला आम्ही तिघं स्टेशनवर असू, खऱ्या घड्याळाप्रमाणे.

ता. क. ३ वरचे दोन्ही ताजे कलम डॉक्टरांनी समोर बसून लिहून घेतले. आता ते घरी गेलेत म्हणून खरं लिहितो, जन्मभर पोरांना खोटं बोलल्याबद्दल अंगठे धरून उभं केलंय. बोल्ट मंगळवारीच दिसले. बोर्ड तिरपा झाला तेव्हा आठही समोर होते, एकेकाभोवती तुम्ही लाल रंगाचा गोल काढून ठेवलाय, आंधळ्यालाही सापडले असते. दोन सैल करून बघितले, लोण्यासारखे फिरतात. पुन्हा आवळून ठेवले. डॉक्टरांचं म्हणणं, बोल्ट सापडले असं कळवलं तर तुम्ही येणार नाही. असेल तसं. पण डोंगर आम्ही उचलू, बोगदा उचलू, पेशंट पण यायला तयार आहे. वहिनींना जिन्यावरून खाली कोणी न्यायचं यावर तीन दिवस बोलणी चाललीत आणि तिघांतला एकही हात पुढे करत नाही. त्यांना तेवढं तुम्ही न्या.